रद्द न केलेल्या सूचना

मास्तरांना समोर काही चाललेले दिसले, की ते कसे चालायला हवे हे सांगितल्यावाचून राहवत नसे. न्हाव्याने कात्री कोणत्या बाजूने फिरवावी, बसचालकाने वळण कुठून घ्यावे, दंडात सुई टोचणाऱ्या परिचारिकेने कोपर कसे धरावे, हे सारे त्यांनी कोणी न विचारता सांगितलेले होते. आणि वैतागाची गोष्ट अशी, की बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे बरोबर असे. अशा माणसाने पोटासाठी शिकवण्याचा व्यवसाय पत्करावा, हे ओघानेच आले.

शहराच्या कडेला, पाण्याच्या टाकीपलीकडे, पालिकेचे गोल्फचे मैदान होते. त्याच्या एका अंगाला सरावाची लांबट शेड. शेडमध्ये ओळीने हिरव्या रबरी चटया अंथरलेल्या, दोन चटयांच्या मध्ये कमरेएवढी फळी, समोर उतरती मोकळी जमीन आणि तिच्या टोकाला उंच जाळी. शेवटची, भिंतीलगतची चटई मास्तरांची. हात पुसायला एक टॉवेल, बसायला डगमगते स्टूल आणि विद्यार्थ्याने स्वतःला वळताना पाहावे म्हणून भिंतीला टांगलेला आरसा, एवढाच तिथला त्यांचा सरंजाम.

स्वतः मास्तरांना हा खेळ कोणी शिकवलेला नव्हता. त्यांचे वडील याच मैदानावर गवत कापण्याचे यंत्र चालवीत, आणि वडिलांची पाठ वळली की मास्तर एका जुन्या काठीने चेंडू मारीत. तरुणपणी काही स्पर्धांत त्यांचे नाव वरच्या लोकांत झळकले, मग मधल्यांत, मग दिसेनासे झाले. त्यांचा फटका मात्र अजूनही असा सहज जाई, की पाहणाऱ्याला वाटावे, यात शिकण्यासारखे आहे तरी काय. तो तसा का जातो, हे त्यांना कधीच सांगता आले नाही. सांगता येत त्या दुसऱ्यांच्या चुका. त्या त्यांना लांबून, पाठमोऱ्या माणसाच्या नुसत्या खांद्यांवरून दिसत.

शिकायला येणारे सगळे हौशी. कोणाला डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितलेली, कोणाला नव्या साहेबाबरोबर खेळायचे असलेले. कोरे हातमोजे चढवून येत, काही आठवडे घाम गाळीत, थोडे सुधारत किंवा कंटाळत, आणि दोन्ही परिस्थितींत यायचे बंद होत. मास्तरांचे काम उपयोगाचे आहे की नाही, हा प्रश्न त्यामुळे कधी निघालाच नव्हता. तो निघाला नव्या व्यवस्थापिका आल्या तेव्हा.

बाई आधी पोहण्याच्या तलावावर होत्या. तिथे एक सोय असते: शिकलेला माणूस तरंगतो. शिकवणाऱ्याचे काम लख्ख दिसते. इथे तसे काही दिसेना म्हणून त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी मास्तरांना आपल्या खोलीत बोलावले.

"मास्तर, तुमच्याकडे शिकून किती लोकांचा खेळ सुधारला?"

"पुष्कळांचा."

"कशावरून?"

"मला दिसतं ना, मॅडम."

"तुम्हाला दिसतं हो. पण मला वर उत्तर द्यायचंय. मला दिसायला नको?"

त्यांनी साधी युक्ती काढली. विद्यार्थ्याने मोसमाच्या सुरुवातीला मैदानाची एक फेरी खेळायची आणि शेवटी पुन्हा तीच फेरी खेळायची. गोल्फमध्ये कमी फटक्यांत सगळी भोके पुरी करणारा सरस. तेव्हा फटके कमी झाले तर धडे कामाचे, नाहीतर नाही. धडे कामाचे नसल्यास शेवटच्या चटईवर एक यंत्र बसवण्याचा विचार होता. चेंडू मारला की समोरच्या पडद्यावर वेग, दिशा आणि चूक, सगळे उमटते.

"आणि मग मी?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही यंत्रावर लक्ष ठेवाल," बाई म्हणाल्या. त्यांच्या सुरात कुचेष्टा नव्हती, म्हणून मास्तरांना ते अधिकच झोंबले. आयुष्यभर माणसांना सांगत आलेला माणूस एका पडद्याची धूळ पुसत बसणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मोसम पुढे सरकला तशी माणसे गळत गेली. दंतवैद्याची पाठ धरली. विमा कंपनीतल्या गृहस्थांची बदली झाली. एक जोडपे एकत्र शिकायला येई. त्यांनी एकमेकांना शिकवायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी दोघांनी विचारपूर्वक गोल्फ सोडले व लग्न राखले. शेवटच्या फेरीला उभा राहील असा विद्यार्थी एकच उरला. ते होते कलमसाहेब.

हे नाव मास्तरांच्या बायकोने ठेवलेले. साहेब सरकारी सेवेतून निवृत्त झाले होते. त्यांची सारी हयात नियमांचे मसुदे करण्यात आणि आधीच्या नियमांना दुरुस्त्या सुचवण्यात गेली होती. सडपातळ बांधा, चकचकीत बूट, पट्टा नेमका मधल्या छिद्रात. रोज सकाळी यायचे, दिलेला धडा शब्द न गाळता ऐकायचे, मग बादलीभर चेंडू मारायचे आणि त्यानंतरच घरी जायचे. असा विद्यार्थी मास्तरांना आजवर मिळाला नव्हता. आणि असा विद्यार्थी दिवसेंदिवस बिघडत चालला होता.

सुरुवातीला साहेब चेंडू कसाबसा पण पुढे मारीत. वाकडा जाई, बुटका जाई, तरी जाई. आता ते चेंडूपाशी उभे राहत आणि राहतच. काठी हातात, नजर खाली, ओठ किंचित हलताहेत. शेजारच्या चटईवरचा लाकडाचा व्यापारी चार चेंडू मारून मोकळा होई आणि फळीवरून डोकावून म्हणे, "काय हो मास्तर, साहेबांची समाधी लागली की काय? हलवून बघा जरा." मग एकाएकी साहेबांचे अंग चहूकडून दुमडे, एक खांदा वर, एक गुडघा आत, मान ताठ, आणि चेंडू सरळ फळीवर आदळून व्यापाऱ्याच्या पायाशी जाई. साहेब शांतपणे म्हणत, "क्षमस्व," आणि दुसरा चेंडू ठेवीत.

मास्तरांनी आणखी सांगितले. मनगटाचे सांगितले, टाचेचे सांगितले, श्वास कधी सोडावा हेही सांगितले. मोसमाच्या मध्यावर त्यांनी बाईंना न कळवता साहेबांना एक फेरी खेळवून पाहिली. पहिल्या दिवशीपेक्षा फटके वाढलेले. मास्तरांनी टॉवेल जमिनीवर आपटला, मग उचलला, झटकला आणि आणखी एक सूचना दिली.

शेवटची फेरी महिन्यावर आली, तेव्हा एका सकाळी त्यांचा धीर सुटला. साहेब नेहमीप्रमाणे चेंडूवर थिजले होते.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मारू नका. मला एवढंच सांगा, तुम्ही इथे उभे राहता तेव्हा डोक्यात चाललेलं असतं तरी काय?"

साहेबांनी काठी बाजूला टेकवली. प्रश्न त्यांना रास्त वाटला. "सूचनांची पडताळणी," ते म्हणाले. "डावा खांदा खाली, ही मूळ सूचना. त्यानंतर तुम्ही म्हणालात, खांदा इतका खाली नको. ही दुरुस्ती. पण किती नको ते स्पष्ट केलं नव्हतंत, म्हणून मी दोन्हींचा समन्वय साधतो. पुढे, वजन उजव्या पायावर. त्याच पंधरवड्यात वजन डाव्या पायावर. तिथे मी दोन्ही गुडघे थोडे थोडे वाकवतो. ग्रिप घट्ट आणि ग्रिप सैल या दोन सूचना परस्परविरोधी आहेत, पण घट्ट डाव्या हाताला आणि सैल उजव्या हाताला लागू आहे असा अर्थ लावला की दोन्हींचा मान राहतो."



"अहो साहेब," मास्तरांच्या तोंडून निघाले, "खांदा खाली म्हणालो ते त्या दिवसापुरतं! तुमचा खांदा त्या दिवशी वर होता म्हणून. नंतर तुम्ही तो फारच पाडलात, म्हणून म्हटलं इतका नको. एक आलं की आधीचं गेलं!"

"तसं तुम्ही सांगितलं नव्हतंत," साहेब नम्रपणे म्हणाले. "मुदत न घातलेला आदेश पुढेही चालू राहतो. तो रद्द करावा लागतो. तुम्ही आजवर काहीच रद्द केलेलं नाही."

फळीपलीकडून व्यापाऱ्याचे हसू ऐकू आले. मास्तर स्टुलावर बसले. स्टूल डगमगले. जो माणूस दिलेला शब्द न् शब्द मानतो, रोज येऊन तो पाळतो, अंगात मुरवतो, त्याच्यावर चिडायचे तरी कसे? आणि चिडल्यावाचून राहायचे तरी कसे? रोजच्या सरावाने तर आणखीच घात केला होता. ती वेडीवाकडी घडी त्याने पक्की करून टाकली होती. एखादा आळशी विद्यार्थी असता तर निम्मे विसरून केव्हाच सुधारला असता.

हेच त्यांनी घरी बायकोला ऐकवले. ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी पाव कापीत होती. हसताना तिला सुरी खाली ठेवावी लागली.

"यात हसण्यासारखं काय आहे गं?"

"अहो, हसू नाही तर काय करू? लग्नाच्या वर्षी तुम्ही मला सांगितलंत, सुरीची धार भिंतीकडे करून ठेवत जा. मग म्हणालात, भिंतीकडे नको, आपल्याकडे. मग म्हणालात, सुरी आडवीच नको, उभी. आठवतंय?"

"बरं, मग तू काय केलंस?"

"मी ती हाताला येईल तशी ठेवते. तुम्ही सांगायचं, मी हं म्हणायचं आणि आपलं काम करायचं. तुमचे बाकीचे विद्यार्थीसुद्धा तेच करत असणार. सुधारायचे ते तेवढ्यानेच सुधारायचे." तिने पुन्हा सुरी उचलली. "तो बिचारा एकटाच खरंखुरं ऐकणारा निघाला. तुमच्या हातून मरायचाच तो."

मास्तरांनी पाव जाड कापला जातो आहे हे पाहिले. तोंड उघडले आणि मिटले. ते त्यांना इतके अवघड गेले, की आपण आजारी आहोत की काय अशी शंका त्यांना आली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मास्तर उभेच होते.

"साहेब, आजवर मी जे जे सांगितलं ते सगळं रद्द."

"सगळं म्हणजे नेमकं काय?"

"सगळं म्हणजे सगळं! खांदा, गुडघा, मनगट, श्वास."

साहेबांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "सरसकट रद्द केलं तर पोकळी निर्माण होते, मास्तर. असं कोणी करत नाही. मधल्या काळात काय लागू राहील?"

"काहीही नाही. पोकळीच हवी आहे मला!"

"मग मी मारू कसा?"

"मला विचारू नका. मी सांगणार नाही. चेंडू तिथे आहे, काठी तुमच्या हातात आहे. मारा. जाळीकडे मारा, एवढंच."

"हे ‘जाळीकडे’ लागू धरायचं?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. "धरा. तेवढं एकच धरा."

साहेबांनी पहिला चेंडू मारला तो चटईवर जेमतेम घरंगळला. दुसरा छपराला लागला. उजवे कोपर पाखराच्या पंखासारखे उघडले होते आणि त्याबद्दलचे नेमके वाक्य मास्तरांच्या जिभेच्या टोकावर येऊन बसले होते. ते वळले आणि शेडच्या मागे निघून गेले. तिथे पाण्याचा नळ, मोडक्या बादल्या आणि गुंडाळून ठेवलेली जुनी जाळी होती. ते जाळीच्या गाठी सोडवत बसले. तिथून साहेब दिसत नसत, फटका तेवढा ऐकू येई. आधी रबरावर बसणारा बद्द आवाज, मग उशिराने चेंडूचा. कित्येक सकाळी हेच. मास्तरांना उठून जावेसे वाटे. ते एक गाठ आणखी घट्ट करून पुन्हा सोडवीत. शेजारचा व्यापारी येऊन म्हणाला, "मास्तर, रुसलात की काय त्यांच्यावर?" मास्तर म्हणाले, "तुम्ही तुमचं मारा हो!"

मग एका सकाळी बद्द आवाजाऐवजी कोरडा, स्वच्छ टणत्कार आला. मास्तरांच्या हातातली गाठ तशीच राहिली. बराच वेळ पुन्हा बद्दच. मग परत एक टणत्कार. पुढच्या काही दिवसांत ते स्वच्छ आवाज जरा जवळजवळ येऊ लागले. साहेब काही एकदम खेळाडू झाले नव्हते. पण आता ते चेंडूपाशी थिजत नव्हते, कारण पडताळण्यासारखे काही उरले नव्हते. बादलीभर चेंडू मारून ते शेडच्या मागे येत आणि विचारत, "काही सूचना?" मास्तर नकारार्थी मान हलवीत. साहेब जरा खट्टू होऊन घरी जात.

शेवटच्या फेरीला बाई स्वतः फटके मोजायला आल्या. पायात तलावावरचेच रबरी बूट, डोक्याला रुमाल. अट एकच: मास्तरांनी बरोबर चालावे, पण बोलू नये. मास्तरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत खुपसले, जणू तोंडाचे कुलूप तिथेच असावे.

साहेब साधारण खेळले. एक चेंडू झुडपात गेला, एक वाळूच्या खड्ड्यात. खड्ड्यात उतरल्यावर त्यांनी मागे वळून मास्तरांकडे पाहिले. ती नजर मास्तरांना ओळखीची होती: आदेशाची वाट पाहणाऱ्या माणसाची. वाळूतून चेंडू कसा काढावा, यावर मास्तर सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकले असते. त्यांनी मान वर केली आणि ढगांकडे पाहत राहिले. मागून वाळू उडाल्याचा आवाज आला. पुन्हा उडाल्याचा आला. तिसऱ्या वेळी चेंडू बाहेर पडला.

फेरी संपली तेव्हा पहिल्या दिवशीपेक्षा फटके कमी भरले. फार नाहीत, पण नजरचूक म्हणता येणार नाही इतके. साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसले. मास्तरांनी कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या आणि तिथेच थबकल्या. "मास्तर, मधे तुम्ही यांना चोरून एक फेरी खेळवली होतीत ना? लाकडवाले म्हणत होते. तेव्हा फटके वाढले होते."

"हो."

"म्हणजे तुम्ही शिकवत होतात तोवर खेळ बिघडला. आणि शिकवायचं थांबवलंत तसा सुधारला."

मास्तरांनी हात खिशांतून बाहेर काढले. "थांबवणं हासुद्धा धडाच होता, मॅडम."

"मग तो पहिल्याच दिवशी का नाही दिलात?"

 मोसमाच्या अखेरीस जिभेवर ताबा ठेवायला शिकलेल्या माणसाला नेमके आता बोलायचे होते. पण उत्तर दिले ते साहेबांनी, टोपी छातीशी धरून, जणू एखाद्या समितीपुढे उभे आहेत अशा सुरात.

"मॅडम, पहिल्या दिवशी मी चेंडूकडे बघतसुद्धा नव्हतो. काठी कशी धरायची हेही माहीत नव्हतं. ते हातात राहिलंय, ते यांच्यामुळे. बाकीचं जे गेलं, तेही यांच्याचमुळे गेलं. किती धडे कामाला आले हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण रोज आलो नसतो, तर रद्द करायलाही काही नसतं."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. तलावावर असले प्रश्न पडत नसत. "ठीक आहे," त्या वैतागून म्हणाल्या. "यंत्र पुढच्या मोसमापर्यंत थांबेल. चटई तूर्त तुमच्याकडे. पण मास्तर, बडबड कमी."

नव्या मोसमाची पहिली विद्यार्थिनी चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक तरतरीत तरुणी होती. तिने काठी धरली ती छत्रीसारखी. मास्तरांनी तिचे हात नीट बसवून दिले, काठी जाळीकडे वळवली आणि ते स्टुलावर जाऊन बसले. तिने चेंडू मारला. पाय, कंबर, खांदे, मान यांच्यात मिळून इतक्या चुका होत्या, की मास्तरांनी टॉवेल उचलून पिळायला सुरुवात केली.

"बरोबर होतं?" तिने विचारले.

"आणखी एक मारा."

तिने आणखी एक मारला. मग आणखी. मास्तरांनी टॉवेलचा पीळ घट्ट केला. आठवडाभर हेच चालले. कधी ते एखादाच शब्द बोलत, मग दोन दिवस गप्प राहत. फटक्यांत थोडा फरक पडू लागला होता, पण तो तिला दिसत नव्हता. तिला दिसत होते स्टुलावर बसून टॉवेल पिळणारे मास्तर. तिने काठी फळीला टेकवली आणि ती तडक बाईंच्या खोलीकडे गेली.

थोड्या वेळाने बाई शेडमध्ये आल्या. कमरेवर हात ठेवून मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, तक्रार आली आहे. तुम्ही काही शिकवतच नाही म्हणे. नुसते बसून असता."

मास्तर उठले. गेल्या आठवड्यातले त्या विद्यार्थिनीचे डावे खांदे, उजवी कोपरे, उडालेल्या टाचा, सगळ्यांची यादी त्यांच्या डोक्यात तयार होती. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"खरं आहे," ते म्हणाले. "आणि मॅडम, त्याने माझा जीव जातोय."